घरच्या ट्रॅकवर घरचा माणूस जिंकतो तेव्हा: शर्यत वहीत कशी उतरवावी

फॉर्म्युला वनची शर्यत नुसती डोळ्यांनी बघितली तर अर्ध्या तासात डोकं भणभणतं. वीस-बावीस गाड्या, सतत बदलणारे कॅमेरे, आणि बोलणारा इंग्रजीत सुसाट. त्यात शर्यत एखाद्या ड्रायव्हरच्या स्वतःच्या देशात असेल तर पंचाईत दुप्पट. कॅमेरा त्याला सोडत नाही, गॅलरी त्याच्याच नावाने ओरडते, आपणही त्याच्याकडेच बघत बसतो. शर्यत मात्र ठरत असते दुसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या नंबरवर. म्हणून मी वही घेऊन बसतो.

मी गोव्यातल्या साखळी गावचा. खाणी चालू होत्या तेव्हा वजनकाट्यावर लिहायला असायचो. टिपर आला की नंबर, वेळ, वजन, स्लिप. पुढचा. खाण ते धक्का या रस्त्यावर कोण अडकलाय, कोण चहाला थांबलाय, कोणाचा टायर बसलाय, हे जागेवरून न उठता वहीत दिसायचं. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि काटाही थांबला. नंबर आणि वेळ लिहायची सवय हाताला राहिली, ती मी रविवारच्या शर्यतीला लावली.

आधी वेळ बघून घ्या. सिल्व्हरस्टोनची ब्रिटिश ग्रां प्री जुलैत असते, तिथे दुपारी ३ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ७.३०. मोनॅको आणि नेदरलँड्सचं झांडव्होर्ट ६.३० ला. ब्राझीलचं इंटरलागोस बहुधा रात्री साडेदहाच्या सुमारास, म्हणजे सोमवारी कामावर जाणाऱ्यांनी आधीच विचार करावा. भारतात २०२४ पासून या शर्यती फॅनकोड ॲपवर दिसतात. जुलैत आमच्याकडे वाळवंटी नदी दुथडी वाहत असते आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि वायफाय दोन्ही आहेत ना ते दुपारीच तपासा. नुसता टीव्ही चालू ठेवून उपयोग नाही. फोनवरच्या मेसेजचा आवाज बंद करा, कारण तुमचं प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं आणि पणजीत बसलेला एखादा मित्र निकाल आधीच पाठवून देतो.

वही लांब, हिशेबाची घ्यावी आणि आडवी धरावी. डावीकडे वरून खाली १ ते ८, हे क्रमांक. वर डावीकडून उजवीकडे फेऱ्या. सिल्व्हरस्टोनला ५२, इंटरलागोसला ७१, मोनॅकोला ७८. शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते आणि त्यावरून फेऱ्या ठरतात. सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक ५.८९१ किलोमीटरचा, म्हणून फेऱ्या कमी. मोनॅको त्याला अपवाद, तिथे २६० किलोमीटरच धरतात, तरी गल्लीबोळातला ट्रॅक ३.३३७ किलोमीटरचाच असल्याने रकाने सर्वांत जास्त लागतात. दोन पानं शेजारी चिकटवून घ्या.

सगळ्या गाड्या लिहायच्या भानगडीत पडू नका. आठ पुरेत. नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा. हॅमिल्टन ४४, रसेल ६३, लेक्लेर १६, पियास्त्री ८१, हुल्केनबर्ग २७. २०२५ पर्यंत वर्स्टापेन १ आणि नॉरिस ४. २०१४ पासून ड्रायव्हर आपला नंबर स्वतः निवडतात आणि तो सहसा टिकतो, फक्त जगज्जेत्याला हवा असल्यास १ घेता येतो. म्हणून नवा मोसम सुरू झाला की नंबर एकदा नव्याने बघून घ्यावेत. पेन्सिल वापरायची, पेन नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

आता लिहायचं कधी? पहिल्या नंबरची गाडी रेषा ओलांडते तेव्हा. टीव्हीच्या डाव्या बाजूला क्रमवारीची उभी पट्टी असते, ती वरून खाली वाचायची आणि रकान्यात उतरवायची. सिल्व्हरस्टोनला कोरड्यात एक फेरी साधारण दीड मिनिटाची, म्हणजे भरपूर वेळ मिळतो. तरीही दोघं असली तर उत्तम. आमच्याकडे भाचा वाचतो आणि मी लिहितो.

"मामा, चौरेचाळीस, त्रेसष्ट, एक, चार."

"एक? चार मागे गेला?"

"गेला. लिही तू."

वाद घालायचा नाही, आधी लिहायचं. एक रकाना चुकला की पुढचे दोन चुकतात. आणि जो लिहितो त्याने भजीला हात लावायचा नाही, तेलकट कागदावर पेन्सिल उमटत नाही.

टायरसाठी रंगीत पेन्सिली ठेवा. लाल मऊ, पिवळा मधला, कडक पांढरा (तो मी साधा गोल करून दाखवतो), थोड्या पाण्यासाठी हिरवा, मुसळधारेला निळा. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी टायर बदलायच्या जागेत गेली की त्या नंबराभोवती नव्या टायरच्या रंगाचा गोल. कोरड्या शर्यतीत कमीत कमी दोन प्रकारचे कोरडे टायर वापरणं सक्तीचं असतं, त्यामुळे एकच रंग घेऊन पळणाऱ्याला कधी ना कधी आत यावंच लागणार, हे वहीत नजरेसमोर राहतं.

खाली दोन ओळी जादा आखा. एकीत घरच्या ड्रायव्हरचं पुढच्या गाडीपासूनचं अंतर, दुसरीत मागच्या गाडीपासूनचं, सेकंदांत. दर फेरीला नको, पाच-पाच फेऱ्यांनी पुरे. शेवटच्या पंधरा फेऱ्यांत मात्र दर फेरीला. पट्टीवरचा आकडा कधी पहिल्या गाडीपासूनचा असतो, कधी लगतच्या पुढच्या गाडीपासूनचा. पट्टीच्या डोक्यावर ते लिहिलेलं असतं, वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

यानंतर एकच गणित करायचं. पिटमध्ये जाऊन बाहेर यायला किती सेकंद जातात? टायर बदलायला दोन-तीन सेकंदच लागतात, पण पिटच्या गल्लीत वेग ताशी ८० किलोमीटरवर बांधलेला असतो, मोनॅकोत तर ६० वर. खरा वेळ तिथे जातो. सिल्व्हरस्टोनला साधारण २० सेकंद धरा, पण माझ्यावर विसंबू नका. पहिली गाडी आत गेली की जाण्याआधीचं आणि बाहेर येऊन एक फेरी झाल्यानंतरचं तिचं अंतर लिहा आणि वजा करा. त्या दिवसाचा आकडा मिळाला. तो पानाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. घरच्या ड्रायव्हरच्या मागे तेवढ्या सेकंदांच्या आत जितक्या गाड्या आहेत, तो आत्ता आत गेला तर तितक्या त्याच्या पुढे निघणार.

७ जुलै २०२४ ची ब्रिटिश ग्रां प्री या वहीसाठी सर्वांत चांगला धडा आहे. पहिल्या तीन जागांवरून तिघे ब्रिटिश निघाले: रसेल, हॅमिल्टन, नॉरिस. मग पाऊस आला आणि रकाने नुसते उलटेपालटे झाले. मॅकलॅरन संघाची जोडी, नॉरिस आणि पियास्त्री, पुढे आली. सगळ्यांनी हिरवे टायर घेतले. रसेलची गाडी पाण्याच्या यंत्रणेत बिघाड होऊन बाद झाली. आता ३७ ते ४० हे रकाने बघा. नॉरिस पुढे, हॅमिल्टन मागे. ट्रॅक सुकत चाललाय. हॅमिल्टन ३८ व्या फेरीला कोरड्या टायरसाठी आत आला, नॉरिस ३९ व्या. एकच फेरी उशीर. त्यात नॉरिसची गाडी पिटमध्ये ठरलेल्या खुणेच्या जरा पुढे जाऊन थांबली. बाहेर आला तेव्हा हॅमिल्टन पुढे. सुकत्या ट्रॅकवर हिरव्या टायरवर काढलेली जादा फेरी फार महाग पडते, कारण शेजारून जाणारा लाल टायरवाला प्रत्येक वळणावर वेळ कापत असतो. टीव्हीवर तुम्हाला गॅलरी दिसेल, झेंडे दिसतील. शर्यत त्या दोन रकान्यांत ठरली.

पण वही तिथेच मिटू नका. वर्स्टापेनने लाल नाही, कडक टायर घेतले होते. हॅमिल्टन आणि नॉरिसचे मऊ टायर झिजत गेले आणि खालच्या ओळीतला आकडा दर फेरीला आटत गेला. वर्स्टापेनने नॉरिसला मागे टाकलं आणि हॅमिल्टनपासून १.४६५ सेकंदांवर संपवलं. हॅमिल्टनचा तो सिल्व्हरस्टोनवरचा नववा विजय, एकाच ट्रॅकवर इतके कोणाचेच नव्हते, आणि २०२१ च्या डिसेंबरनंतरचा पहिला. तो रडला, आमच्या घरातही एक-दोघांचे डोळे ओले झाले. मी आकडा लिहीत होतो म्हणून वाचलो.

पुढच्या वर्षी, ६ जुलै २०२५ ला, आषाढी एकादशी होती. कारापूरच्या विठ्ठल मंदिराकडून येणारा शेजारी दारातूनच विचारायचा, "कोण फुडें?" आणि जायचा. तोंडी सांगत बसण्यापेक्षा वही पुढे करावी, शर्यत न बघितलेल्या माणसालाही ती वाचता येते. त्या दिवशी तिकडेही पाऊस. पियास्त्रीने आठव्या फेरीला वर्स्टापेनला मागे टाकून पुढची जागा धरली. सेफ्टी कार, म्हणजे धोका असताना सगळ्यांच्या पुढे हळू चालणारी गाडी, आत जाताना त्याने एकदम ब्रेक मारला म्हणून त्याला १० सेकंदांची शिक्षा झाली. इथे नव्या बघणाऱ्याचा घोटाळा होतो. शिक्षा झाली तरी पट्टीवर ८१ वरच दिसतो. ती पुढच्या पिटमध्ये भोगायची असते, गाडी उभी, दहा सेकंद कोणी हात लावायचा नाही, मग टायर. अशी शिक्षा दिसली की त्या नंबरापुढे लगेच अधिक १० लिहून ठेवायचं आणि मनातल्या मनात ती गाडी तितकी मागे ढकलून बघायची. नॉरिस त्या दहाच्या आत होता, म्हणजे कागदावर घरचा माणूस कधीच पुढे गेला होता, गॅलरीला कळायच्या आधी. पियास्त्री ४३ व्या फेरीला आत गेला, नॉरिस ४४ व्या. ४२ च्या रकान्यात वर ८१, खाली ४. ४५ च्या रकान्यात वर ४, खाली ८१. शेवटचं अंतर ६.८१२ सेकंद.

त्या कागदावर तिसरा नंबर बघायला विसरू नका. २७, हुल्केनबर्ग. एकोणिसाव्या जागेवरून निघालेला, आणि इतक्या वर्षांच्या कारकिर्दीतलं पहिलं पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांचा चौथरा. आठच जागा लिहायच्या म्हटल्यावर तो सुरुवातीला वहीत नव्हताच, मध्येच खालून उगवला. वहीच्या खालच्या कडेने कोणी आत शिरलं की त्याच्याखाली रेघ मारा आणि तो कोणत्या फेरीला पिटमध्ये गेला ते शोधा. उत्तर बहुतेक तिथेच असतं.

मोनॅकोला पेन्सिलीला काम नाही असं लोक म्हणतात. २६ मे २०२४ ला खरंच पहिले दहा जण जसे निघाले तसेच पोचले. पहिल्याच फेरीत अपघात, लाल झेंडा, आणि थांबलेल्या वेळेत सगळ्यांनी टायर बदलून घेतले, म्हणजे पिटची सक्ती तिथेच फिटली. लेक्लेर जिंकला. जागतिक स्पर्धा १९५० ला सुरू झाल्यापासून मोनॅकोत जिंकणारा तो पहिला मोनॅकोकर, त्याआधीचा १९३१ चा लुई शिरॉन. अशा दिवशी वरच्या ओळी सोडून द्या आणि चौथ्या-पाचव्यातलं अंतर लिहा. चौथा नॉरिस, पाचवा रसेल. त्या दोघांत पिटपुरती जागा पडली असती तर नॉरिस फुकटात नवे टायर घेऊन परत आपल्याच जागेवर आला असता आणि पुढच्या तिघांच्या मानेवर बसला असता. म्हणून लेक्लेर पुढे राहून मुद्दाम हळू चालवत होता. बघणारे जांभया देत होते, आणि पहिल्या नंबरचा माणूस पाचव्या नंबरवर डोळा ठेवून वेग ठरवत होता.

पाचव्या जागेवरून आठवलं, इंटरलागोस, २ नोव्हेंबर २००८. फेलिपे मासा आपल्या गावी, साओ पाउलोत, जिंकला. रेषा ओलांडली तेव्हा जगज्जेतेपदही त्याचंच होतं, कारण हॅमिल्टन सहावा होता. मग शेवटच्या वळणांवर पावसात कोरड्या टायरवर घसरत चाललेल्या टिमो ग्लॉकला हॅमिल्टनने मागे टाकलं आणि पाचवा आला. हॅमिल्टन ९८ गुण, मासा ९७. मोसमाच्या शेवटच्या शर्यतींना गुणांचं गणित आधी मांडून घ्या आणि घरच्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला कितवी जागा लागते ते पानावर लाल रेघेने दाखवा. त्या दिवशी ती रेघ पाचव्याखाली होती आणि ग्लॉकच्या टायरभोवती हिरवा गोल नव्हता. ज्याच्याकडे असा कागद असेल त्याला घाम फुटला असेल.

पाठलाग असेल तर भागाकार करा. सिल्व्हरस्टोन १९८७: घरचा नायजेल मॅन्सेल टायरसाठी थांबला, पुढचा नेल्सन पिके थांबला नाही. मॅन्सेल सुमारे २९ सेकंद मागे, फेऱ्या तीसच्या आसपास शिल्लक. म्हणजे फेरीला एक सेकंद. आकडा असा समोर आला की पुढे काय बघायचं ते ठरतं: अंतर २९, २८, २७ असं उतरतंय का? उतरत गेलं. स्टो वळणावर मॅन्सेलने एका बाजूला हूल दिली, दुसरीकडून आत शिरला आणि जिंकला. हे मी नंतर चित्रफितीवर बघून लिहून काढलं. सरावासाठी जुन्या शर्यती फार चांगल्या, थांबवून लिहिता येतं.

आकडा कधीकधी कारण सांगत नाही, फक्त काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतो. १९९१ ला ब्राझीलचा आयर्टन सेना दोनदा जगज्जेता असूनही ब्राझीलमध्ये कधी जिंकला नव्हता. शेवटच्या फेऱ्यांत मागचा पात्रेझे जवळ येत चालला होता, आणि बघणाऱ्यांना वाटत होतं सेना सांभाळून चालवतोय. त्याचे गिअर एकेक करून गेले होते आणि गाडी सहाव्यातच अडकली होती. २.९९१ सेकंदांनी जिंकला, मग चषक उचलायलाही हातात त्राण नव्हतं. फेरीची वेळ अशी अचानक वाढली आणि पाऊस-टायरचं कारण दिसत नसेल, तर तिथे प्रश्नचिन्ह करून ठेवा आणि ड्रायव्हर आणि संघाचं रेडिओवरचं बोलणं कान देऊन ऐका.

घरचा ड्रायव्हर पाठच्या रांगेत असेल तर काय? मग आठ जागा वरून न मोजता त्याच्या सहकाऱ्याबरोबर दोनच ओळी लिहा, कारण गाडी दोघांची सारखी. नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ला नारायण कार्तिकेयन एचआरटी संघाच्या गाडीत सतरावा आला. सतरावा ऐकून कोणी टाळ्या वाजवत नाही. त्याच गाडीतला त्याचा सहकारी डॅनिएल रिकार्डो त्याच्या मागे अठरावा होता, आणि रिकार्डो पुढे किती शर्यती जिंकला ते बघितल्यावर त्या सतराव्याकडे नीट बघावंसं वाटतं.

आणि पेन्सिल कशासाठी, तेही रिकार्डोच सांगेल. मार्च २०१४, मेलबर्न, त्याची रेड बुलसाठीची पहिलीच शर्यत, घरच्या लोकांसमोर दुसरा नंबर, पोडियमवर उभा, सगळं शहर खूश. काही तासांनी इंधनाच्या प्रवाहाची मर्यादा ओलांडली म्हणून गाडी बाद, नंबर गेला. शर्यतीनंतर गाड्यांचं वजन होतं, तपासणी होते, शिक्षेचे सेकंद वाढवले जातात. त्यामुळे झेंडा पडल्यावर शेवटचा रकाना पेन्सिलीनेच भरा, पान फाडून कोणाला देऊ नका. अधिकृत निकाल सकाळी बघून घ्या, मगच पेनने गिरवा.